चूक बँकेची, कपात आईच्या पेन्शनमधून

२०१९ च्या जूनअखेर आई नेहमीसारखी बँकेत पासबुक भरायला गेली आणि तिथूनच मला फोन केला, म्हणाली, अगं ह्या वेळेला पेन्शन कमी आलीय, मशीनचं काही चुकलं असेल का? दर महिन्याला तिला साधारण २० हजार यायचे. त्या महिन्यात आले ८ हजार. पत्र नाही, फोन नाही, मेसेज नाही. काउंटरवरच्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं की आजी, तुम्हाला बरीच वर्षं जास्त पेन्शन गेलीय, ती आता वळती करून घेणार. किती जास्त, कधीपासून, का, हे त्यांनाही सांगता आलं नाही, कारण हिशोब वरच्या ऑफिसात होतो म्हणे. तीन चकरा मारल्यावर एका परिच्छेदाचं पत्र हातात आलं, त्यात "अतिप्रदान" असा शब्द आणि ६ लाखांच्या वरचा आकडा. आईचं वय तेव्हा ६६. तिने आयुष्यात कधी ६ लाख रुपये एकत्र बघितलेले नव्हते आणि आता ते ती देणं लागत होती.

हे मी आमच्या घरचं रडगाणं म्हणून लिहीत नाहीये. तेव्हापासून मी ह्या विषयात जी बुडाले ती अजून बाहेर आलेली नाही, आणि दर महिन्याला कुणी ना कुणी मला विचारतं की माझ्या सासऱ्यांना असं पत्र आलंय, आमच्या शाळेतल्या निवृत्त शिपायाची ग्रॅच्युइटी अडवलीय, मावशीला तहसीलमधून नोटीस आलीय, काय करू. प्रत्येकाची गोष्ट वेगळी पण अडकतात सगळे एकाच जागी. सरकारकडून किंवा बँकेकडून जास्त पैसे गेले तर ते परत मागायची यंत्रणा आपल्याकडे आहे, पण "हा हिशोब चुकीचा आहे" किंवा "हिशोब बरोबर असेल पण चूक माझी नाही, ही वसुली मला माफ करा" हे म्हणायला साधी खिडकी नाही. माफी मिळते, नाही असं नाही, पण ती एकतर कोर्टात भांडून मिळते नाहीतर सरकारच्या मनात आलं की मिळते. ती हक्काने मागता आली पाहिजे, एवढंच मला म्हणायचंय.

आधी आईच्या केसमध्ये झालं काय ते सांगते, कारण देशभरात कितीतरी विधवांच्या बाबतीत हाच नियम चुकतो. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात तृतीय श्रेणीत होते, २००६ ला निवृत्त झाले, २००९ ला गेले. कर्मचारी गेल्यावर बायकोला जी फॅमिली पेन्शन मिळते ती सुरुवातीला वाढीव दराने असते, म्हणजे साधारण नवऱ्याच्या पेन्शनएवढी, आणि नंतर ती साध्या दरावर येते, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांवर. वाढीव दर निवृत्तीनंतरच्या मृत्यूत ७ वर्षं, किंवा नवरा ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, ह्यातलं जे आधी येईल ते. बाबा २०१३ च्या मध्यात ६७ चे झाले असते. म्हणजे तेव्हापासून पेन्शन कमी व्हायला हवी होती. ही तारीख पीपीओवर म्हणजे पेन्शनच्या आदेशावर चक्क छापलेली असते, आणि पीपीओची एक प्रत बँकेकडेच असते. बँकेने २०१३ ला ती तारीख बघितली नाही. २०१४ ला नाही, २०१५ ला नाही, २०१६ ला सातवा वेतन आयोग लागून सगळ्यांची पेन्शन नव्याने बसवली तेव्हाही नाही. २०१९ ला कुठल्या तरी तपासणीत ते सापडलं आणि सापडल्या महिन्यापासून कपात सुरू.

आता ह्यात आईने काय करायला हवं होतं? लोक मला हेच विचारतात, की अगं पण तिला कळलं नाही का जास्त येतायत. कसं कळणार? महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, मग त्याचा फरक येतो, मग वेतन आयोगाचा एरियर येतो, पासबुकातला आकडा कधीच सलग सहा महिने एकसारखा नसतो. पीपीओ इंग्रजीत. त्यातले रकाने मला, जिने बी.कॉम. केलंय, समजायला एक आख्खी संध्याकाळ लागली. आणि जास्त म्हणजे कशापेक्षा जास्त? तिला २००९ पासून जे मिळत होतं तेच वाढत्या महागाईबरोबर मिळत राहिलं, जास्त असं वेगळं काही आलंच नाही. कमी व्हायचं होतं ते झालं नाही एवढंच. जे घडलं नाही ते माणसाच्या लक्षात कसं येणार.

मी बँकेकडे महिन्यावार तक्ता मागितला. लेखी. तो द्यायला त्यांनी चार महिने लावले, आणि तो आला तेव्हा पहिल्याच ओळीला मी थांबले, कारण त्यांनी वसुली २०११ पासून मोजली होती. म्हणजे ६७ च्या जागी ६५ वर्षं धरली होती. बाबांची जन्मतारीख त्याच पीपीओवर, नियम तोच, साधी बेरीज चुकली होती. मी पत्र लिहिलं, सोबत पीपीओची झेरॉक्स जोडली, आणि ६ लाखांचे ४ लाख ९० हजार झाले. १ लाख १० हजार रुपये एका तारखेमुळे उतरले. मी विचारलं नसतं तर ते आईच्या पेन्शनमधून शांतपणे कापले गेले असते आणि कुणालाही कधीही कळलं नसतं. ज्या बाईला बी.कॉम. झालेली मुलगी नाही तिचं काय होत असेल, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

तर ही झाली पहिली गोष्ट, आकडा बरोबर आहे का. आणि हा प्रश्न फक्त आमचाच नाही. २०२० साली मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढे एका वयोवृद्ध पेन्शनरची केस आली, बँकेने त्यांच्या पेन्शनमधून ३ लाख ६९ हजार रुपये वळते करायला घेतले होते, आणि कोर्टात उघड झालं ते असं की त्यांच्या खात्याच्या म्हणण्यानुसार पेन्शन मुळात बरोबरच बसवलेली होती. बँकेने आपल्याच मनाने ठरवलं होतं की जास्त गेली. कोर्टाने पैसे परत करायला लावले आणि वर बँकेला ५० हजारांचा दंड लावला. म्हणजे वसुलीचं पत्र आलं की आपण समजतो आकडा तरी बरोबर असेल, एवढी मोठी बँक, एवढं मोठं ऑफिस. तसं समजू नका.

पण दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. उरलेले ४ लाख ९० हजार नियमाप्रमाणे खरंच जास्त गेले होते. मग ते परत द्यायचे की नाही? माझा भाऊ म्हणाला, ताई, नियमाने आपले नव्हते ना ते, मग देऊन टाकू. मला त्याचं म्हणणं कळतं, आमच्या घरात उसने पैसे ठेवून घ्यायची पद्धत नाही. पण हे उसने नव्हते. कुणी आईला सांगितलं नव्हतं की हे तुझ्याकडे ठेवायला देतोय. ती ते खरं उत्पन्न समजून जगली, त्यातून गुडघ्याचं ऑपरेशन केलं, घराचं पत्र्याचं छत काढून स्लॅब टाकली, गॅस, लाइट बिल, औषधं भरली. पैसे संपलेत. आता कपात होतेय ती २०१३ च्या पैशातून होत नाहीये, आजच्या औषधातून होतेय. ३० टक्क्यांच्या दराने जे साधारण १२ हजार बसत होते त्यातून ४ हजार वळते, हातात ८, आणि हे १० वर्षं चालायचं. म्हणजे बँकेच्या कारकुनाच्या एका चुकीची फेड आई ७६ वर्षांची होईपर्यंत करणार.

सुप्रीम कोर्टाने नेमका हाच विचार केलाय. १८ डिसेंबर २०१४ चा पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह हा निकाल पेन्शनरांच्या प्रत्येक संघटनेत तोंडपाठ असतो. कोर्टाने म्हटलं की मालकाला पैसे परत मागायचा हक्क आहे खरा, पण वसुलीने माणसावर होणारा अन्याय जर त्या हक्कापेक्षा जड असेल तर वसुली करू नये, आणि मग काही प्रसंग सांगितले. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी असतील तर नाही. निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे असतील तर नाही. जास्तीचं पेमेंट ५ वर्षांहून जास्त काळ चालू राहिलं आणि मग वसुलीचा आदेश निघाला तर नाही. वरच्या पदाचं काम करून घेऊन त्याचा पगार दिला असेल तर नाही. आणि शेवटी, वसुली कठोर किंवा अन्यायाची ठरेल अशा इतर कुठल्याही प्रसंगी नाही. आईच्या केसला ह्यातली किती कलमं लागतात ते मोजा.

मी हा निकाल प्रिंट काढून बँकेत नेला. साहेब चांगले होते, उगाच वाईट कशाला बोलू, त्यांनी वाचला, मान हलवली आणि कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढून दाखवला. हमीपत्र. "मला देय रकमेपेक्षा जास्त रक्कम दिली गेल्यास ती परत करण्यास मी बांधील राहीन." खाली आईची सही.

ती सही कधीची आहे? २००९ ची. बाबांचं तेरावं होऊन आठ दिवस झाले असतील. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, फोटो, सगळी पिशवी घेऊन काका आईला बँकेत घेऊन गेले होते आणि तिथे कुणी जिथे जिथे बोट ठेवलं तिथे तिथे तिने सही केली. ती सही केल्याशिवाय पेन्शन सुरूच होत नाही. आपल्या हक्काची पेन्शन सुरू करायला ज्या कागदावर सही करावीच लागते, त्याला संमती म्हणायचं का? समोरच्याकडे नाही म्हणायची सोयच नसेल तर ती सही कसली. तरी ह्याच कागदावर देशभरातल्या वसुल्या उभ्या आहेत, कारण २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हरियाणाच्या एका न्यायाधीशांच्या केसमध्ये म्हटलं की ज्याने जास्तीचे पैसे परत करायची हमी लिहून दिलीय त्याच्याकडून वसुली करता येते. ती केस एका न्यायिक अधिकाऱ्याची होती, कायदा जाणणाऱ्या माणसाची, सुधारित वेतनश्रेणी घेताना दिलेल्या हमीची. पण ऑफिसात तो निकाल शिपायाला आणि विधवेला सरसकट लावतात. आपल्याकडे सातव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीच्या वेळेला शाळाशाळांमध्ये अशीच वचनपत्रं गठ्ठ्याने भरून घेतली. सेवापुस्तक पडताळणीला गेलं, वेतन पडताळणी पथकाने १५ वर्षांपूर्वीची एक वेतनवाढ चुकली म्हणून शेरा मारला, की निवृत्तीच्या तोंडावर त्या माणसाला २ लाख, ३ लाख भरा असं सांगतात, नाहीतर पेन्शनची फाइल पुढे जात नाही. तो बिचारा भरतो, कारण फाइल अडली तर सगळंच अडतं. मग वर्षभराने कुणीतरी सांगतं की मॅटमध्ये, म्हणजे राज्य सरकारी नोकरांच्या न्यायाधिकरणात, नाहीतर हायकोर्टात जा.

आणि जाणारे जिंकतात सुद्धा. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ओडिशातल्या निवृत्त स्टेनोग्राफरांची वसुली रद्द केली. रक्कम किती होती? प्रत्येकी साधारण २० ते ४० हजार रुपये. एवढ्या रकमेसाठी ह्या माणसांना कटकपासून दिल्लीपर्यंत लढावं लागलं. त्याआधी २०२२ मध्ये केरळच्या एका शिक्षकाचा निकाल लागला, ते निवृत्त झाले होते १९९९ ला. निकाल वाचताना बरं वाटतं पण त्यामागची वर्षं मोजली की बरं वाटणं थांबतं. जो कायदा फक्त हायकोर्टात गेल्यावरच लागू होतो तो आईसारख्यांसाठी नसल्यात जमा आहे. तिला मी म्हटलं होतं, आपण ट्रिब्युनलमध्ये जाऊ. ती म्हणाली, तुझ्या बाबांनी नोकरीत कधी मेमो घेतला नाही, आता मी त्यांच्या नावाने कोर्टाची पायरी चढणार नाही. मी खूप समजावलं. पण आता मला वाटतं की तिचं चुकलं नव्हतं, माफी मागायला कोर्टात जावं लागणं हेच चूक आहे.

माफीची तरतूद कागदावर नाही असंही नाही. केंद्राच्या कार्मिक खात्याने रफिक मसीहच्या निकालानंतर २ मार्च २०१६ ला आदेश काढला की ह्या प्रसंगांमध्ये वसुली माफ करता येईल, पण कशी, तर अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाच्या स्पष्ट मंजुरीने. म्हणजे चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्याची वसुली माफ करायची तर फाइल दिल्लीला जाणार. कुठला सेक्शन ऑफिसर ती फाइल आपणहून वर पाठवेल? न पाठवल्याबद्दल त्याला कुणी विचारत नाही, पाठवली तर चार प्रश्न विचारतात. आपल्या राज्याच्या १९८२ च्या पेन्शन नियमांत १३४-अ नावाचा नियम आहे, त्यात तर स्पष्ट लिहिलंय की वसुलीआधी पेन्शनरला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्या आणि हप्ते असे पाडा की पेन्शन किमान रकमेच्या खाली जाणार नाही. चांगला नियम आहे. पण तो नोटिशीत कुणी छापत नाही, मग ज्याच्यासाठी तो केलाय त्याला तो कळणार कुठून.

आता दुसरीकडे काय करतात ते बघा, कारण हे अशक्य आहे असं मला वारंवार सांगितलं जातं. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनचे, पैसे जास्त गेले तर पत्र येतं, आणि त्याच पत्रात दोन वाटा सांगितलेल्या असतात. आकडा किंवा कारण पटत नसेल तर ६० दिवसांत फेरविचार मागा, त्याचा वेगळा फॉर्म, नंबर ५६१. आणि आकडा बरोबर असला तरी चूक तुमची नव्हती आणि परत देणं झेपणारं नाही किंवा अन्यायाचं आहे, तर माफी मागा, त्याचा वेगळा फॉर्म, नंबर ६३२, आणि ह्याला मुदतच नाही, कधीही मागा. ३० दिवसांच्या आत अर्ज केला तर निर्णय होईपर्यंत कपात सुरू होत नाही. हे काही त्या खात्याच्या मेहरबानीवर नाही, त्यांच्या कायद्यातच लिहिलंय. तिथेही सगळं गोड नाहीये, कपातीचा दर २०२४ मध्ये त्यांनी १० टक्क्यांवर आणला आणि २०२५ मध्ये आधी १०० टक्के जाहीर करून मग ५० वर आणला, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांचेही हाल आहेतच. पण फॉर्म आहे. प्रश्न दोन आहेत हे त्यांच्या कागदाला तरी माहिती आहे. आपल्याकडे दोन्ही प्रश्नांचं एकच उत्तर मिळतं, "वरून आलंय."

इथे लोक दोन आक्षेप घेतात, आणि दोन्ही मला महत्त्वाचे वाटतात. एक म्हणजे हा जनतेचा पैसा आहे. सुप्रीम कोर्टानेच २०१२ च्या उत्तराखंडच्या एका केसमध्ये म्हटलंय की चुकून दिलेला सार्वजनिक पैसा परत घेता येतो, तो ना देणाऱ्याचा असतो ना घेणाऱ्याचा. मान्य. पण पेन्शनच्या बाबतीत जरा थांबून बघा पैसा कुणाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत की बँकेच्या चुकीने जास्त पेन्शन गेली असेल तर बँकेने ती रक्कम पेन्शनरकडून वसूल व्हायची वाट न बघता सरकारला लगेच एकरकमी भरायची. आणि बँका हे काम काही फुकट करत नाहीत, प्रत्येक पेन्शन व्यवहारामागे त्यांना सरकारकडून कमिशन मिळतं. म्हणजे नियम पाळला असेल तर सरकारचे पैसे सरकारला कधीच मिळालेत, आणि आईच्या खात्यातून दर महिन्याला जे ४ हजार जातात ते बँकेने स्वतःच्या चुकीपोटी भरलेल्या पैशाची भरपाई आहे. ज्या कामाचं कमिशन घेतलं त्याच कामातल्या चुकीचा भुर्दंड त्या बाईने का भरायचा, ह्याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

दुसरा आक्षेप, की माफी दिली तर लबाडांचं फावेल. माणूस मेल्यावर हयातीचा दाखला देऊन वर्षानुवर्षं पेन्शन उचलणारे आहेत, खोटे दाखले जोडणारे आहेत. त्यांच्याकडून व्याजासकट घ्या, गुन्हा दाखल करा, माझी काही हरकत नाही. म्हणूनच तर मी म्हणतेय की चूक कुणाची हा प्रश्न आधी विचारा. आज तो विचारलाच जात नाही, म्हणून लबाड आणि विधवा एकाच यादीत येतात.

हे पेन्शनपुरतं असतं तर मी इतकं लांबवलं नसतं. पण थेट खात्यात पैसे टाकणाऱ्या योजना वाढल्यात आणि त्यांच्यात हे सगळं मोठ्या प्रमाणावर होणार आहे, होतंय. पीएम किसानचं उदाहरण घ्या. २०१९ ला योजना घाईने सुरू झाली, याद्या नीट तपासल्या नाहीत, ६ हजार रुपये वर्षाला टाकायला सुरुवात झाली, आणि मग जुलै २०२१ मध्ये संसदेत सांगितलं गेलं की ४२ लाख अपात्र शेतकऱ्यांना जवळपास ३ हजार कोटी गेलेत, त्यात आपल्या महाराष्ट्रातले ३५८ कोटी. तहसीलदारांच्या नोटिसा निघाल्या. त्यात इन्कम टॅक्स भरणारे होते, त्यांना नियम माहिती असायला हवा होता हे मी समजू शकते. पण नवरा-बायको दोघांच्या नावावर जमीन आहे म्हणून दोघांचे अर्ज कुणीतरी भरून दिले आणि योजनेत एका कुटुंबाला एकच लाभ धरतात हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, असेही होते. ह्या दोन्ही प्रकारच्या लोकांना एकच नोटीस, एकच भाषा.

मग लाडकी बहीण. जून २०२४ ला घोषणा, लगेच अर्ज, लगेच १५०० रुपये. छाननी नंतर. फेब्रुवारी २०२५ मध्ये ५ लाख बहिणी अपात्र ठरल्या, त्यातल्या २ लाख ३० हजार संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या, म्हणजे गरिबातल्या गरीब. तेव्हा मंत्र्यांनी जाहीर केलं की दिलेले पैसे परत घेतले जाणार नाहीत. जुलैमध्ये आणखी २६ लाख ३४ हजार जणींचे हप्ते थांबवले गेले. पैसे परत घेणार नाही म्हटलं हे चांगलंच झालं, मी त्याचं मनापासून स्वागत करते, त्या बायकांनी काही चोरलं नव्हतं. पण मला त्यातलं खुपतं ते वेगळं आहे. हजारो, लाखो बायकांना एका घोषणेत माफी मिळू शकते, आणि त्याच राज्यातल्या निवृत्त शिपायाला २५ हजारांसाठी मॅटमध्ये जावं लागतं. ही माफी कुठल्या नियमाने दिली? उद्या दुसरं सरकार आलं आणि म्हणालं की आता परत करा, तर त्या बहिणींच्या हातात कुठला कागद आहे? घोषणेने मिळालेली माफी घोषणेनेच जाते. शिवाय जिचा हप्ता चुकून थांबला, जिच्या नावावर चारचाकी दाखवतंय पण ती विभक्त राहणाऱ्या दिराची आहे, तिलाही "मी अपात्र नाही" हे सांगायला तीच तहसील, तीच अंगणवाडी ताई, तीच रांग.

ऑस्ट्रेलियात काय झालं ते आपण वेळेवर वाचायला हवं. २०१६ च्या सुमाराला तिथल्या सरकारने भत्ते घेणाऱ्यांचे हिशोब कॉम्प्युटरवर टाकले, टॅक्सच्या नोंदीतलं वर्षाचं उत्पन्न घेतलं, त्याला २६ पंधरवड्यांनी भागलं आणि ज्याचा भागाकार जुळला नाही त्याला कर्जाचं पत्र धाडलं. आता हंगामी काम करणाऱ्या माणसाचं उत्पन्न दर पंधरवड्याला सारखं कसं असेल? चार महिने काम, आठ महिने बेकारी, भत्ता बेकारीच्या महिन्यांत घेतलेला, पण कॉम्प्युटरच्या सरासरीत तो लबाड ठरला. आणि खरं काय ते सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर, जुन्या पगाराच्या पावत्या शोधून. लाखो लोक. काहींनी जीव दिले. शेवटी ते सगळं बेकायदा ठरलं, सरकारला पैसे परत करावे लागले, आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने ही योजना क्रूर, अन्याय्य आणि बेकायदा होती असं लिहून ठेवलं. आपण आधार, पॅन, आरटीओ, रेशनकार्ड असे सगळे डेटा एकमेकांशी जोडतोय, जोडावेत, चोऱ्या पकडाव्यात, पण यादी मशीनने काढली तर हरकत घ्यायची खिडकी माणसाची हवी, आणि ती कपातीच्या आधी उघडी हवी.

मला काय हवंय ते फार मोठं नाही. वसुलीच्या प्रत्येक पत्रासोबत महिन्यावार तक्ता आणि ज्या नियमाने वसुली करताय त्याचा उतारा, मराठीत. पत्राच्या मागे दोन कोरे अर्ज, एक हिशोबावर हरकतीचा, एक माफीचा. माफीच्या अर्जात मोजून तीन गोष्टी विचारा, चूक कुणाची, तुम्ही काही लपवलं होतं का, आणि आज घर कशावर चालतं. अर्ज आला की निर्णयापर्यंत कपात बंद. निर्णय जिल्ह्याला व्हावा, कोषागार अधिकाऱ्याला किंवा उपजिल्हाधिकाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत माफीचे अधिकार द्या, आणि नाकारलं तर कारण लिहून द्यायला लावा. रफिक मसीहमध्ये बसणाऱ्या केसेस तर अर्जाचीही वाट न बघता सोडून द्यायला पाहिजेत, कारण सुप्रीम कोर्टाने ठरवलेली गोष्ट परत परत सिद्ध करायला म्हाताऱ्या माणसांना लावायचं काही कारण नाही. आणि ते हमीपत्र फॅमिली पेन्शनच्या कागदांतून काढून टाका, निदान ज्या चुका बँकेच्या किंवा खात्याच्या आहेत त्यांना ते लागू नाही असं त्यावरच छापा.

हे होईपर्यंत, ज्यांच्या घरी असं पत्र आलंय त्यांनी कृपा करून पहिल्या दिवशी पैसे भरू नका आणि सहीसुद्धा करू नका. तक्ता लेखी मागा. पीपीओवरची तारीख स्वतः बघा. माहिती अधिकारात विचारा की ही चूक कुणी, कधी पकडली आणि सरकारला बँकेने पैसे भरलेत का. पोच घेतल्याशिवाय कुठलाही अर्ज देऊ नका, आणि तोंडी सांगितलेलं काहीही खरं धरू नका, सांगणारा कितीही भला असला तरी.

आईच्या माफीचा अर्ज मी २०२० मध्ये दिला, फॉर्म नाही म्हणून साध्या कागदावर हाताने लिहून. बँक म्हणाली निर्णय खात्याचा आहे. खात्याने लिहिलं की वसुली बँकेने काढलीय, बँकेला विचारा. मी दोन्ही पत्रं एकमेकांना जोडून दोघांनाही परत पाठवली, पेन्शन अदालतीत टाकली, तिथून पुन्हा बँकेकडे आली. मधल्या काळात कपात एकही महिना चुकलेली नाही. दर नोव्हेंबरला आई हयातीचा दाखला द्यायला त्याच काउंटरवर जाते, अंगठा लावते, आणि येताना पासबुक भरून आणते.